प्रीसेट निवडताना, बसवताना, फिरवताना

कापसावर फवारणी सुरू झाली की आमच्या अमळनेरच्या दुकानात टेबलाखाली बॅटरीवरच्या फवारणी पंपांची रांग लागते. असाच एक पंप खांद्यावरून उतरवत एक शेतकरी म्हणाले, "दादा, पंप चालू शे, पन दाब नही." मागचं झाकण काढलं तर आतली १२ व्होल्टची बॅटरी दोन्ही कुशींनी फुगलेली, खाच्यातून बाहेर निघेना. मोटर चांगली, स्विच चांगला. मग मी त्यांचा चार्जर मागवला.

चार्जर लोकल बनावटीचा, नाव ना गाव. आउटपुटला मीटर लावला, १६.१ व्होल्ट. पेटीच्या पाठीवर टिचकी मारली, १३.९. पुन्हा टिचकी, १५ च्या पुढे. उघडून पाहिलं तर आत एलएम३१७, म्हणजे आउटपुटचा व्होल्टेज ठरवणारा आयसी, आणि त्याच्या शेजारी उघड्या पाठीचा, नखाएवढा ५ के चा (५ किलो-ओहमचा) कार्बन प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून रेझिस्टन्स लावायचा भाग. त्याच्या रेझिस्टन्सच्या पट्टीवर धूळ आणि कापसाचा बारीक तंतू चिकटलेला. वायपरची, म्हणजे पट्टीवरून सरकणाऱ्या संपर्काची, पत्र्याची जीभ त्या तंतूवर चढून बसली होती. जीभ उचलली की व्होल्टेज वर, टेकली की खाली. बॅटरी रात्रभर याच झोपाळ्यावर होती.

लोक म्हणतात प्रीसेट खराब निघाला. माझं मत वेगळं आहे. दोन-चार रुपयांच्या त्या भागावर अख्ख्या चार्जरची जबाबदारी टाकली होती, ती टाकणाऱ्याची चूक. सर्किटमधला सगळ्यात कच्चा भाग बहुतेक वेळा प्रीसेटच असतो, कारण त्यात हलणारा संपर्क आहे. त्याला जितकं कमी काम द्याल तितकं सर्किट टिकेल. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीसाठी आहेत.

दुकानात काय मागायचं

पुस्तकात ट्रिमिंग पोटेन्शिओमीटर, बाजारात प्रीसेट. 'ट्रिमपॉट' हे खरं तर बॉर्न्स कंपनीचं नोंदणीकृत नाव. मार्लन बॉर्न्स यांनी १९५२ मध्ये या भागाचं पेटंट घेतलं आणि पुढे ते नाव सगळ्यांच्याच तोंडी बसलं. जळगाव-धुळ्याच्या काउंटरवर 'प्रीसेट द्या' म्हटलं की समोर कार्बनचा येतो. चौकोनी निळा, वर पितळी स्क्रू असलेला हवा असेल तर 'मल्टिटर्न' (बऱ्याच फेऱ्यांचा) किंवा सरळ '३२९६' म्हणायचं. हा आकडा बॉर्न्सच्या मालिकेचा, पण तशाच मापाचे इतर कंपन्यांचे नगही त्याच नावाने मिळतात.

अंगावरचा आकडा कपॅसिटरसारखाच वाचायचा. १०३ म्हणजे १० पुढे तीन शून्यं, १० के. ५०२ म्हणजे ५ के, १०१ म्हणजे १०० ओहम. पाय तीन. १ आणि ३ ही पट्टीची दोन टोकं, २ हा वायपर. बॉर्न्सच्या पद्धतीत स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की वायपर ३ नंबरकडे सरकतो. दुसऱ्या बनावटीच्या नगात मात्र मीटर लावून खात्री करा, मी दोनदा फसलोय.

आधी विचारा, प्रीसेट हवाच का?

आज १ टक्क्याचे मेटल फिल्म रेझिस्टर सहज मिळतात. एलईडीचा करंट ठरवायचा, ट्रान्झिस्टरला बायस द्यायचा, रिलेला थोडा उशीर हवा, अशा बहुतेक कामांत हिशोब करून ठरीव रेझिस्टर लावला की विषय संपतो. प्रीसेट लागतो तो भागाभागांतला फरक भरून काढायला. एलएम३१७ चा आतला संदर्भ व्होल्टेज १.२५ म्हणतात, पण कंपनीची हमी १.२० ते १.३० एवढीच. म्हणजे दोन आयसींत ८ टक्क्यांपर्यंत फरक निघू शकतो, आणि बॅटरीला तो चालत नाही. तिथे प्रीसेट लावायला कारण आहे.

किती ओहमचा ते ठरवणे: एक उदाहरण पूर्ण करून पाहू

त्या चार्जरचंच घेऊ. एलएम३१७ चं सूत्र: आउटपुट = १.२५ × (१ + आर२ ÷ आर१), त्यात ॲडजस्ट पायातून येणाऱ्या साधारण ५० मायक्रोअँपिअरमुळे आर२ वर पडणारा थोडा व्होल्टेज मिळवायचा. आर१ हा आउटपुट आणि ॲडजस्ट पायाच्या मधला रेझिस्टर, आर२ ॲडजस्टपासून ग्राउंडपर्यंतचा. आर१ नेहमीप्रमाणे २४० ओहम. या हिशोबाने आर२ चा प्रत्येक ओहम आउटपुटला ५.२६ मिलिव्होल्टने वर नेतो. १२ व्होल्टच्या बॅटरीला रात्रभर लावून ठेवायला १३.८ व्होल्ट लागतात, त्यासाठी आर२ साधारण २३८७ ओहम येतो.

त्या चार्जरवाल्याने काय केलं? आर२ च्या जागी एकटा ५ के चा प्रीसेट. तो शून्यापासून शेवटपर्यंत फिरवला तर हिशोबाने आउटपुट १.२५ पासून २७ च्या वर जातं (प्रत्यक्षात इनपुट जेवढं देईल तेवढंच). एका फेरीचा प्रीसेट साधारण २७० अंश फिरतो, म्हणजे एका अंशाला ०.१ व्होल्ट. घड्याळाचा मिनिटकाटा एका मिनिटात ६ अंश सरकतो, त्याच्या सहाव्या हिश्श्याला ०.१ व्होल्ट! हात कितीही स्थिर असो, १३.८ वर तो थांबणार नाही, आणि थांबला तरी ट्रॅक्टरच्या एका हादऱ्यात हलणार.

आता हे पाहा. २.२ के चा १ टक्क्याचा ठरीव रेझिस्टर आणि त्याच्या सिरीजमध्ये ५०० ओहमचा मल्टिटर्न. आर२ आता २२०० ते २७०० च्या मधेच राहील, आउटपुट १२.८ ते १५.४ मध्ये. स्क्रूच्या २५ फेऱ्या आहेत, म्हणजे एका पूर्ण फेरीला ०.१ व्होल्ट. तोच ०.१ व्होल्ट, आधी एका अंशात होता, आता पूर्ण फेरीत. खर्चाचा फरक एक-दोन कटिंग चहाचा.

आयसी १.२० चा निघाला किंवा १.३० चा, तरी १३.८ याच रेंजमध्ये सापडतो. हे तपासणं महत्त्वाचं. रेंज इतकीही आखडू नका की एखाद्या आयसीला स्क्रू शेवटच्या टोकाला जाऊन अडकेल. माझा ठोकताळा असा की नेहमीच्या भागांना वायपर पट्टीच्या मधल्या भागात यावा, टोकांपासून थोडा दूर.

बॅटरीकडून उलटा करंट येऊ नये म्हणून आउटपुटला डायोड असेल तर व्होल्टेज डायोडच्या पुढे, छोटा लोड लावून मोजायचा. आयसीच्या पायावर तेव्हा ०.६-०.७ जास्त दिसेल, आणि आपल्या रेंजमध्ये तेवढी जागा आहे.

दोन पायांचा की तीन पायांचा

प्रीसेट दोन तऱ्हांनी लागतो. वरच्या चार्जरमध्ये तो नुसता बदलता रेझिस्टर आहे, रिओस्टॅट म्हणा. दुसरी तऱ्हा डिव्हायडरची: दोन टोकांना व्होल्टेज, वायपरवरून हवा तो हिस्सा काढायचा.

जमेल तिथे डिव्हायडर घ्या. गरमीत पट्टीचा रेझिस्टन्स वाढला तरी वायपरच्या वरचा आणि खालचा भाग एकाच प्रमाणात वाढतात, गुणोत्तर तेच राहतं. वायपरवरून करंट जवळजवळ जातच नसेल, जसं ऑपॅम्प किंवा कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या आयसीच्या) पायाला, तर तिथल्या संपर्काचा रेझिस्टन्स थोडा वर-खाली झाला तरी कळत नाही. रिओस्टॅटमध्ये या दोन्ही गोष्टी थेट आउटपुटवर दिसतात.

इन्व्हर्टरच्या लो-बॅटरी कटऑफचं एक जमवलेलं उदाहरण देतो. संदर्भ टीएल४३१ या आयसीचा ठरीव २.५ व्होल्ट. बॅटरीच्या प्लसपासून २७ के आणि १.५ के सिरीजमध्ये, मग १ के चा प्रीसेट, त्याखाली ८.२ के ग्राउंडला. वायपर कंपॅरेटरला. कटऑफ १०.२५ ते ११.५ च्या मधे कुठेही लावता येतो आणि १०.८ बरोबर मधल्या फेऱ्यांत पडतो. वायपरपासून ग्राउंडला १ मेगचा (दहा लाख ओहमचा) एक रेझिस्टर टाका. त्याचं कारण पुढच्याच भागात.

तीन प्रश्न, सोल्डरिंगच्या आधी

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या आयटीआयच्या पोरांना मी प्रत्येक प्रीसेटवर बोट ठेवून तीन प्रश्न विचारतो. या टोकाला गेला तर काय? त्या टोकाला गेला तर काय? आणि जीभ उचलली गेली तर काय? तिन्हींचं उत्तर 'काही जळणार नाही' असं आलं की मगच आयर्न गरम करायचा.

शेतातल्या मोटरच्या ऑटो-स्टार्टमध्ये ५५५ चा टायमर असतो. लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठू नयेत म्हणून थोडा उशीर. वेळ = १.१ × आर × सी. १०० मायक्रोफॅरड आणि १ मेगचा प्रीसेट घेतला तर ११० सेकंदांपर्यंत. पण प्रीसेट शून्याला गेला तर? मग सप्लाय थेट ७ नंबरच्या पायावर, आणि तिथला आतला ट्रान्झिस्टर त्या सप्लायला ग्राउंडशी जोडायला बसलाय. आयसी तरी जाईल, नाहीतर प्रीसेटची पट्टी. म्हणून सिरीजमध्ये १० के ठरीव टाकायचाच, त्याने कमीत कमी वेळ एक सेकंदाचा राहतो. जाता जाता, १ मेगच्या वर जाऊ नका, एवढ्या मोठ्या रेझिस्टरला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची स्वतःची गळती भारी पडते.

आता तिसरा प्रश्न. जीभ उचलली गेली तर कपॅसिटर भरणारच नाही, टायमर संपणारच नाही. रात्री बाराला फोन येतो: "दादा, लाईट उनी, पन मोटर चालू व्हयनी नही." यावर उपाय फुकटचा आहे. रिओस्टॅट म्हणून वापरताना तिसरा पाय मोकळा सोडू नका, तो वायपरला जोडून टाका. जीभ उचलली तरी पूर्ण पट्टी सर्किटमध्ये राहते, रेझिस्टन्स अनंत होण्याऐवजी फार तर १ मेग होतो. मोटर दोन मिनिटांनी का होईना, सुरू होते. चार्जरमध्येही हेच केलं तर जीभ उचलल्यावर आउटपुट १५.४ वर थांबतं. चांगलं नाही, पण आयसी इनपुटइतकं सोडून देत नाही. आणि कटऑफमधला तो १ मेग? जीभ उचलली की तो कंपॅरेटरचा पाय खाली ओढतो, सर्किटला वाटतं बॅटरी उतरली, आणि लोड तुटतो. अंधार झाला तर माणूस दुरुस्तीला घेऊन येतो. बॅटरी तळाला गेली तर नवी घ्यावी लागते.

करंट आणि गरमी

३२९६ सारखा नग अर्ध्या वॅटचा, असं लिहिलेलं असतं. हा अर्धा वॅट पूर्ण पट्टीसाठी आहे. वायपर एका टोकाजवळ असेल तर पट्टीचा छोटा तुकडाच काम करतो, पण करंटची मर्यादा तीच राहते: वॅट भागिले ओहम, त्याचं वर्गमूळ. १० के ला ०.५ ÷ १०००० = ०.००००५, वर्गमूळ ०.००७ अँपिअर, म्हणजे ७ मिलिअँपिअर. पॅनलवरच्या १२ व्होल्टच्या इंडिकेटरला कुणी १० के चा प्रीसेट लावतो, प्रकाश वाढवत वाढवत ५०० ओहमवर आणतो, एलईडीतून २० मिलिअँपिअर जायला लागतात आणि पट्टीच्या त्या टोकाला काळा डाग पडतो. मीटरवर वॅट मोजले तर ०.२ च येतात, म्हणून माणूस चक्रावतो.

हा अर्धा वॅटसुद्धा ७० अंशांपर्यंतच. पुढे तो कमी होत १२५ अंशांना शून्य होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. विहिरीवरच्या, उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत माझा थर्मामीटर ६० च्या वर गेलेला मी पाहिलाय, आणि तेही आतला ट्रान्सफॉर्मर गरम होण्याआधी. म्हणून मी छापील वॅटच्या पाव हिश्श्यातच राहतो. प्रीसेट हीटसिंकपासून शक्य तितका लांब.

कार्बन की सरमेट, हा प्रश्न इथेच सुटतो. सरमेट म्हणजे धातू आणि सिरॅमिकची भाजलेली पट्टी, अंशामागे बदल दहा लाखांत १०० भागांच्या आसपास. आपल्या चार्जरमधला ५०० चा नग ४० अंशांनी तापला तरी तो दोन ओहमपेक्षा जास्त हलत नाही, आउटपुटवर ते एक सेंटिव्होल्टच्या घरात. कार्बनचं हलणं याच्या कित्येक पट, वर ओलावा आणि धूळ. कार्बन प्रीसेट घरातल्या खेळण्यात, आवाजाच्या किटमध्ये चालून जातो. शेतात, जिनिंगमध्ये, गाडीवर बंद अंगाचा सरमेटच. वायरवाउंडही मिळतो, करंट जास्त सोसतो, पण वायपर वेढ्यावरून वेढ्यावर उड्या मारतो.

मल्टिटर्न प्रत्येक ठिकाणी हवा असंही नाही. एका फेरीच्या बंद सरमेटचा फायदा असा की नुसतं पाहून खूण कुठे आहे ते कळतं. मल्टिटर्नच्या स्क्रूकडे बघून वायपर कुठे आहे ते देवालाही सांगता येणार नाही.

बसवताना

वरून फिरवायचा की बाजूने, हे पेटी बंद झाल्यावर स्क्रू-ड्रायव्हर कुठून जाईल ते पाहून ठरवा. स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की व्होल्टेज किंवा वेळ वाढावी अशी जोडणी ठेवा. उलटं केलंत तर सहा महिन्यांनी तुम्हीच चुकाल. सोल्डर करण्याआधी मीटरवर सुरक्षित बाजूला आणून ठेवा. आपल्या चार्जरमध्ये ती कमी ओहमची बाजू. सोल्डर दोन-तीन सेकंदांत उरका. उघडा प्रीसेट असलेला बोर्ड थिनरने धुऊ नका, विरघळलेला फ्लक्स पट्टीवर जाऊन बसतो.

फिरवताना

सगळ्यात आधी: मोटर स्टार्टरचे पुष्कळ बोर्ड बिनट्रान्सफॉर्मरचे असतात. सप्लाय कपॅसिटरमधून घेतलेला असतो, म्हणजे बोर्डाचा ग्राउंडसुद्धा मेन्सशी थेट जोडलेला. प्रीसेटचा पितळी स्क्रू दिसतो निरुपद्रवी. अशा बोर्डावर प्लास्टिकचा ट्रिमर टूल, कोरडी चप्पल, एक हात पाठीमागे. शक्य असेल तर सप्लाय बंद करून थोडं फिरवा, चालू करून मोजा.

मीटरचाही भरवसा तपासा. आतली ९ व्होल्टची बॅटरी उतरली की स्वस्त मीटर आकडा वाढवून दाखवतो. मग तुम्ही १३.८ लावता आणि प्रत्यक्षात बॅटरीला कमीच मिळतं.

सर्किट चालू करून दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. आकड्याकडे एकाच बाजूने या. पुढे गेलात तर चांगले मागे जाऊन पुन्हा त्याच बाजूने. जमलं की स्क्रू-ड्रायव्हर उचलून घ्या, कारण त्याच्या दाबानेही जीभ किंचित सरकलेली असते, आणि दांड्याने प्रीसेटच्या डोक्यावर हलकी टकटक करा. आकडा हलला तर पुन्हा लावा. मल्टिटर्न टोकाला पोहोचला की स्क्रू अडत नाही, आतला क्लच घसरतो आणि बोटांना बारीक टकटक जाणवते. ती जाणवली की उगाच फिरवत बसू नका.

बॅटरीचं एक आपल्याकडचं खास. १३.८ हा आकडा २५ अंशांसाठी आहे. लेड ॲसिडच्या प्रत्येक सेलला अंशामागे साधारण ३ मिलिव्होल्ट कमी करायचे, सहा सेलना १८. मे महिन्यातल्या ४५ अंशांना ते ०.३६ व्होल्ट होतात. म्हणून रात्रभर लावून ठेवायचा चार्जर मी उन्हाळ्यात १३.५ च्या आसपास ठेवतो.

लावून झालं की स्क्रूवर नेलपेंटचा एक थेंब, अर्धा स्क्रूवर, अर्धा अंगावर. कुणी फिरवला तर रेघ तुटलेली दिसते. झटपट चिकटवणारा डिंक नको, तो आत झिरपतो. गरम गोंद पत्र्याच्या पेटीत मऊ पडतो.

आणि कापूस मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्याला हात लावू नका. त्यावर वैधमापनाचं सील असतं, ते तोडून आतलं काही फिरवणं आपलं काम नाही.

जुना प्रीसेट संशयित असेल तर

फिरवण्याआधी खूण करा, फोटो घ्या. टिचकी मारून आकडा उडी घेतो का पाहा. सप्लाय काढून वायपर आणि टोक यांत मीटर लावा, हळू फिरवा. आकडा सरळ चढायला हवा, मधे अडखळला की नग बदला. कॉन्टॅक्ट क्लीनरने दोन-चार महिने निघतात, जास्त नाही. तसाही हा भाग रोज फिरवण्यासाठी बनलेला नाही. ३२९६ च्या माहितीपत्रकात फिरवण्याचं आयुष्य २०० वेळा दिलंय. रोज लागणारी गोष्ट असेल तर पॅनलवरचा दांडीचा पॉट लावा.

त्या फवारणी पंपाच्या चार्जरमध्ये मी २.२ के आणि ५०० चा मल्टिटर्न बसवला, डायोडच्या पुढे १३.५ लावले आणि आठवडाभर टेबलावर जुन्या बॅटरीला जोडून ठेवला. आकडा हलला नाही. मग प्रीसेट काढून मोजला: २४७ ओहम. त्या जागी २४० चा १ टक्क्याचा रेझिस्टर सोल्डर केला. फरक पडला ०.०४ व्होल्टचा, तोही कमीच्या बाजूने. काढलेला प्रीसेट पुढच्या चार्जरची मोजणी करायला ड्रॉवरमध्ये ठेवलाय, कारण पुढचा आयसी त्याचा स्वतःचा संदर्भ घेऊन येणार.